मदतकार्य करणाऱ्या संस्थेला 'स्ट्रॅटेजिक ॲडव्हायजर' कशाला लागतो? (कोल्हापूर, पूर आणि आमची मीटिंग)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमची एक छोटी संस्था आहे. नाव लिहीत नाही, कारण ट्रस्टींपैकी दोघंजण इथं पडीक असतात. २०१९ च्या पुरात तालमीतली नऊ पोरं आणि दोन टेम्पो एवढ्यावर सुरू झालेलं काम, नंतर धर्मादाय आयुक्तांकडं रीतसर नोंदणी, ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत मिळते ते) वगैरे सगळं करून घेतलं. २०२१ ला परत पाणी आलं, परत पळालो. मधल्या काळात रक्तदान, वह्यावाटप, जे सगळे करतात ते. आता एका कंपनीचा सीएसआर (कंपनीनं समाजकार्यावर करायच्या खर्चाचा) विभाग तीन वर्षांचं पूर-तयारीचं काम द्यायला तयार झालाय आणि त्यांनी पाठवलेल्या बजेटच्या तक्त्यात एक ओळ आहे, 'स्ट्रॅटेजिक ॲडव्हायजर, अर्धवेळ'.

ह्या एका ओळीवरून परवा मीटिंगमध्ये अडीच तास गेले. आमचे ज्येष्ठ ट्रस्टी, आम्ही सगळे अण्णा म्हणतो त्यांना, ते म्हणाले, "सल्ला तर रंकाळ्यावर रोज संध्याकाळी फुकट मिळतोय, वर भेळ." दुसरे एक म्हणाले कंपनीला पाहिजे ना, मग एखाद्या रिटायर साहेबांचं नाव लेटरहेडवर टाकू, विषय संपला. खजिनदाराचं म्हणणं त्या पैशात एक बोट येते, इंजिनासकट. आणि मी सचिव असून मला खरंच सांगता येईना की हा माणूस करतो काय. अध्यक्ष आहेत, मी आहे, काम बघायला एक पगारी पोरगा आहे, मग हा चौथा कोण? पोतं उचलणार नाही, चेकवर सही करणार नाही, नुसता बोलणार?

कुणी अशा संस्थांत काम केलं असेल तर सांगा. टिंगल करायची असेल तर ती पण करा, मीटिंगमध्ये सवय झालीय.

तांबडापांढरा

टिंगलीपासूनच सुरू करतो. भावा, आपल्या पेठेत प्रत्येक कट्ट्यावर एक स्ट्रॅटेजिक ॲडव्हायजर बसलेला असतोय, त्याला अर्धवेळ न्हाई पूर्णवेळ म्हणतात आणि मानधन म्हणजे दोन कटिंग. २०१९ ला शिवाजी पुलावर उभं राहून किती लोकांनी एनडीआरएफच्या जवानांना बोट कशी चालवायची ते सांगितलं ते मी डोळ्यानं बघितलंय.

आता सिरियस. तुमच्या अण्णांचं मला पटतंय. महापुरात आम्ही गल्लीतल्या पोरांनी जे केलं त्याला कुणी प्लॅन दिला नव्हता. कुठल्या बोळात पाणी किती, कुणाच्या घरात म्हातारी झोपून आहे, हे आम्हाला माहीत होतं म्हणून काम झालं. बाहेरून आलेला सल्लागार आधी गंगावेश कुठं आहे विचारणार.

हिशेबनीस

सीएचं ऑफिस आहे, अशा चार-पाच ट्रस्टची ऑडिट करतो म्हणून आधी पैशाचं बोलतो.

सीएसआर म्हणजे कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. ह्या पैशातून कुठली कामं चालतात त्याची कायद्यात यादी आहे, आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत २०१९ मध्ये वेगळं घातलं. आणि तीन वर्षांचा आकडा कंपनीनं उगाच काढलेला नाही, 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' दाखवला की न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतात, म्हणून सगळ्यांना हल्ली तीन वर्षांचंच काम आवडतं. तुमचा सीएसआर-१ फॉर्म (असे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंदणी) भरलेला असेलच, १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय पैसे घेता येत नाहीत.

मुद्दा असा की कंपनीला शेवटी बोर्डापुढं दाखवायचं असतं की पैसे दिलेली संस्था पुढचं बघून चालते. त्यासाठी ती ओळ आहे. लेटरहेडवर नाव टाकून विषय संपवायचा विचार असेल तर ऑडिटर म्हणून हात जोडतो, नका करू. बिल असतं, काम दिसत नाही, मग दोन वर्षांनी प्रश्न येतो आणि उत्तर द्यायला सचिव म्हणजे तुम्ही.

आणि ट्रस्टींच्या मेव्हण्याला नेमू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, मी बघितलेल्यात निम्म्या ठिकाणी मेव्हणाच असतो.

परतलेला_कोल्हापूरकर

आज सुट्टी आहे, सविस्तर लिहितो. मी एका परदेशी मदत-संस्थेत अकरा वर्षं होतो, त्यातली शेवटची चार ह्याच पदावर. बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्या छावण्यांत होतो, आणखी दोन देशांत होतो, आता आई-बाबांसाठी परत आलोय आणि कळंब्याला घर बांधताना गवंड्याचे सल्ले ऐकतोय.

तर हा माणूस करतो काय. पंचगंगाकाठ, तुम्ही सचिव आहात ना, मग पाणी चढायला लागलं की तुम्ही काय करता? फोन. डिझेल, बिस्किटं, कुणाचा टेम्पो, कलेक्टर ऑफिसातून कुणाचा फोन आला. तुमची नजर आजवर असते, असायलाच पाहिजे. तुमचा पगारी पोरगा हातातल्या कामाकडं बघतो. अध्यक्ष देणगीदारांकडं बघतात. आता ह्या सगळ्यात फेब्रुवारी महिन्यात, आभाळात ढग नसताना, शांत बसून 'येत्या जुलैत आपण नेमकं कशासाठी बाहेर पडणार आणि कशासाठी बाहेर पडणार नाही' हे विचारणारा कोण आहे? तो हा माणूस. त्याच्या हाताखाली कुणी नसतं, त्याला कुणाला हुकूम देता येत नाही. सगळी ताकद प्रश्न विचारण्यात.

आणि प्रश्न साधे असतात, म्हणूनच राग येतो. हे काम दुसरं कुणी करतंय का? करत असेल तर आपण कशाला? आपल्याला चांगलं जमतं असं एक काम कुठलं? आपण गेल्यावर हे कोण चालवणार? मला एका मीटिंगमधून 'तू कुणाच्या बाजूनं आहेस' असं विचारून जवळजवळ बाहेर काढलेलं, कारण मी म्हटलं की आपलं तिसरं फिरतं दवाखाना-पथक बंद करा, त्याच गावात अजून दोघांची पथकं जातात.

एक उदाहरण देतो, आपल्याकडचंच. तुम्ही २०२१ ला लोकांना कुठं ठेवलं होतं?

पंचगंगाकाठ

मंगल कार्यालयात. दोनशे माणसं होती सहा दिवस. हॉल साठ बाय चाळीस, संडास चार. वाईट हाल झाले खरं सांगायचं तर, विशेषतः बायकांचे, पण आम्ही सगळ्यांना आत घेतलं, कुणाला परत पाठवलं नाही ह्याचा अभिमान पण आहे.

परतलेला_कोल्हापूरकर

अभिमान असायलाच पाहिजे, ती भावना मोडायची नाही. फक्त गणित करू.

जगभरच्या मदत-संस्था मिळून एक किमान निकष वापरतात, त्याला स्फिअर म्हणतात. १९९७ ला ते काम सुरू झालं, रवांडातल्या नरसंहारानंतर छावण्यांत जी माणसं पटकी-हगवणीनं गेली त्यातून संस्थांना आलेली शहाणपणाची उपरती म्हणा. त्यात निवाऱ्याला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागं एक संडास, माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी असं धरतात. तुमचा हॉल २४०० चौरस फूट म्हणजे साधारण २२३ चौरस मीटर. साडेतीननं भागा. त्रेसष्ट माणसं. संडास चार, म्हणजे ऐंशी माणसं. तुम्ही ठेवली दोनशे. पाणी दोनशे माणसांना दिवसाला तीन हजार लिटर, ते टँकरनं भागलं असेल.

आता ऐन पुरात हे गणित सांगणाऱ्याला तुम्ही पंचगंगेत ढकलून द्याल आणि बरोबर कराल. पण तेच कुणी मार्चमध्ये सांगितलं तर? अजून दोन हॉल आधी बोलून ठेवता येतात, तात्पुरते संडास बसवायची जागा आणि माणूस ठरवून ठेवता येतो, बायकांसाठी वेगळा भाग आणि दिवा कुठं ते ठरवता येतं. एवढंच काम आहे ह्या पदाचं, आणि ते सोपं आहे असं वाटतं तोपर्यंत कुणी करत नाही.

तांबडापांढरा

हे त्रेसष्टवालं जरा लागलं. आमच्या शाळेत पण असंच होतं. वर्गात गाद्या एकाला एक.

शिरोळची_सून

मी शिरोळ तालुक्यातनं लिहितो. (बाई आहे, आमच्यात बायका पण 'मी जातो, मी खातो' म्हणतात, पुण्यामुंबईच्या लोकांनी दचकू नये.)

दोन्ही पुरात घरात पाणी. २०१९ ला छातीएवढं, २०२१ ला त्याच्यापेक्षा कमी पण चिखल जास्त. तुम्ही सगळे कोल्हापूर शहरातनं बोलायलाय. तुमच्याकडचं पाणी उतरलं तरी आमच्याकडं उतरत न्हाई, पंचगंगा इथं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते, कृष्णा भरलेली असली की आमचं पाणी जातच न्हाई कुठं, नुसतं थांबून राहतंय.

आता मदतीचं सांगतो. २०१९ ला रस्त्याकडंच्या घरांना सात-सात किट मिळाली. सात संस्था, सात फोटो. आत मळ्यात वस्ती हाय, तीस-पस्तीस घरं, तिकडं चिखलातनं दोन किलोमीटर चालत जावं लागत होतं म्हणून कोण गेलं न्हाई. किटात काय, बिस्किट, तांदूळ, एक साडी. चूल भिजलेली, लाकूड भिजलेलं, तांदळाचं काय करू? आणि कपडे! मुंबईच्या बायकांचे जुने गाऊन, एका बुटाचा एकच पाय, पार्टीचे ड्रेस. लोकांनी रस्त्यावर टाकून दिलं मग पेपरात आलं की पूरग्रस्तांनी मदत फेकली. आमालाच नावं.

आणि खरी गोष्ट कुणीच विचारली न्हाई ती म्हंजे म्हशी. सरकारी गाडी भोंगा वाजवत येते की घर सोडा, निघा. निघतो की. पण गोठ्यात चार म्हशी, दोन रेडकं, ती कुठं न्यायची? माझे सासरे म्हशी सोडून निघाले न्हाईत, शेवटी रात्री बोटीनं काढावं लागलं. गावात निम्मे लोक त्याच्यासाठीच मागं राहिले. म्हस हलली की माणूस हलतोय, हे गावातलं शेंबडं पोर पण सांगेल.

तेव्हा दादा, तुमच्या सल्लागाराला ह्यातलं काय कळणार हाय? आमाला सल्लागार नको, होडी पण नको. उंचावर चार दिवस गुरं बांधायला जागा आणि वैरण पाहिजे.

परतलेला_कोल्हापूरकर

ताई, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तीच स्ट्रॅटेजी आहे. मी गंमत करत नाही.

बघा, कंपनीनं पैसे दिले की संस्था काय घेणार? बोट, लाइफ जॅकेट, किट. खजिनदारांनी बोट म्हटलंच आहे. बोट फोटोत छान दिसते. पण बोटीची गरज का पडली, तर माणसं वेळेत निघाली नाहीत म्हणून. का निघाली नाहीत, तर गुरं. मग पैसा आधी गुरांच्या छपरावर आणि चाऱ्यावर घातला तर बोटीची निम्मी गरजच पडणार नाही. दुभत्या म्हशीला दिवसाला पंधरा-वीस किलो ओली वैरण तरी लागते, दोनशे जनावरं म्हटली तर दिवसाला तीन-चार टन, ती पूर आल्यावर कुठून आणणार? उसाचं वाडं मिळेल म्हणाल तर ऊस पाण्याखाली. म्हणजे मुरघास (हवाबंद करून टिकवलेला हिरवा चारा) आधीच करून ठेवायला पाहिजे, डेअरीशी आधीच बोलायला पाहिजे.

सल्लागाराला हे आधीपासून माहीत असायची गरज नाही. त्यानं तुमच्या गोठ्यात येऊन बसायला पाहिजे, तुमच्याकडून हे ऐकायला पाहिजे आणि मग कंपनीच्या साहेबाला पटेल अशा भाषेत तक्त्यात घालायला पाहिजे. जो न येता लॅपटॉपवरून प्लॅन पाठवतो त्याला घेऊ नका.

घाटाखालचा

हे सगळं ठीक आहे पण मूळ मुद्द्यावर कुणी बोलत नाही. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९ मीटरच्या वर ठेवतात तोवर तुम्ही गोठे बांधा नाहीतर

तांबडापांढरा

आलमट्टीचा वेगळा धागा आहे, तिकडं तीनशे प्रतिसाद झालेत, तिकडं जा भावा. इथं नको, हात जोडतो.

घाटाखालचा

जातो. पण मुद्दा बरोबर आहे माझा.

हिशेबनीस

परतलेला, तुमचं पटतंय, पण उलट बाजू पण सांगा की. सल्लागार चुकला तर? प्रोजेक्ट मॅनेजर चुकला तर नोकरी जाते. ट्रस्टी चुकले तर धर्मादाय आयुक्तांकडं तक्रार होते. सल्लागार मात्र बिल देऊन मोकळा.

परतलेला_कोल्हापूरकर

हा प्रश्न येणार हे माहीत होतं आणि उत्तर द्यायला जरा जड जातंय.

एका देशात (नाव नको) आम्ही छावणीला पाणी देत होतो, बोअर, डिझेलचे पंप, टाक्या. देणगीदाराचे पैसे संपत आलेले. मी कागदावर फार सुंदर योजना केली की सहा महिन्यांत हे सगळं तिथल्या सरकारी पाणी खात्याकडं सोपवायचं, त्यांच्या माणसांना ट्रेनिंग द्यायचं. आमच्या धंद्यात त्याला एक्झिट म्हणतात, सगळ्यांना आवडतो तो शब्द. ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेटं वाटली, फीत कापली. त्या खात्याकडं डिझेलला पैसेच नव्हते. हे मला तिथल्या पंप चालवणाऱ्या माणसानं दोनदा सांगितलेलं, मी 'ॲडव्होकसी करू' असं काहीतरी म्हटलं. आम्ही निघाल्यावर तीन आठवड्यांत पंप बंद. मला हे ईमेलवर कळलं, तेव्हा मी पुढच्या देशात नवीन योजना लिहीत होतो. माझं कुणी काही वाकडं केलं नाही. उलट त्या वर्षी बढती मिळाली.

म्हणून सांगतो, सल्लागार नेमताना त्याला बांधून घ्या. त्यानं दिलेला प्रत्येक सल्ला लिहून ठेवा, तारीख घालून, आणि वर्षानं त्याच्यासमोर वाचा. आणि पुराच्या आठवड्यात त्यानं कोल्हापुरात हजर असलंच पाहिजे असं करारात घाला. पोतं उचलू नये त्यानं, मध्ये मध्ये येईल, पण कोपऱ्यात वही घेऊन बसावं आणि काय काय ठरवल्यासारखं होत नाहीये ते टिपावं.

दुसरं, तो रिपोर्ट कुणाला करणार? सचिवाला केला तर सचिवाविरुद्ध बोलणार नाही. पंचगंगाकाठ, वाईट वाटून घेऊ नका, त्याला विश्वस्त मंडळासमोर थेट बसायला मिळालं पाहिजे, तुम्ही बाहेर असताना सुद्धा.

पंचगंगाकाठ

वाईट जरा वाटलंच, पण ठीक आहे.

एक शंका. मीटिंगमध्ये अजून एक भांडण झालेलं ते लिहायचं राहिलं. एका स्थानिक नेत्यांनी दोन ट्रक धान्य द्यायची तयारी दाखवलीय, दरवर्षी. अट एकच की पिशवीवर त्यांचा फोटो. निम्मे ट्रस्टी म्हणतात धान्य धान्य असतं, भुकेल्याला फोटो दिसत नाही. ह्यात सल्लागार काही करू शकतो का, की हा आमचाच प्रश्न?

शिरोळची_सून

फोटो दिसतोय दादा. चांगला दिसतोय. २०१९ ला एका गल्लीत पिशव्या वाटल्या आणि पलीकडच्या गल्लीत न्हाई, कारण तिकडं मतं दुसऱ्याची. भूक होती म्हणून घेतलं, पण कुणाची पिशवी घेतली ते गावानं लक्षात ठेवलं. पंचायतीच्या निवडणुकीत निघालं ते.

परतलेला_कोल्हापूरकर

ताईंनी उत्तर दिलंच. मी फक्त त्याच्यामागचं कागदी बोलतो. १९९४ ला रेड क्रॉस आणि मोठ्या मदत-संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली, दहा मुद्द्यांची. त्यातला दुसरा मुद्दा मदत फक्त गरज बघून द्यायची आणि तिसरा मुद्दा मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढं रेटायला करायचा नाही. हे नुसतं नैतिक वगैरे नाही, फार व्यवहारी आहे. उद्या तुम्हाला दुसऱ्या पक्षाच्या गावात बोट घेऊन जायचंय, तिथल्या सरपंचानं दार उघडलं पाहिजे. पिशवीवर फोटो असला की ते दार बंद.

सल्लागाराचा इथं उपयोग असा की 'नाही' म्हणायचं काम त्याच्या अंगावर ढकलता येतं. तुम्हाला त्याच गावात राहायचंय, नेत्यांच्या कार्यालयात दाखल्याला जायचंय. तुम्ही म्हणायचं, साहेब आमची काही हरकत नव्हती, पण सल्लागार फार कडक आहेत, धोरणात लिहून ठेवलंय. मी वर्षानुवर्षं हा कडक माणूस झालोय. त्याचेच पैसे मिळायचे असं कधी कधी वाटतं.

हिशेबनीस

हे भारी आहे. ऑडिटरचा पण हाच उपयोग करतात लोक.

बाकी पुढं कधी परदेशी निधी घ्यायचा विचार असला तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, हे वेगळंच प्रकरण आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली, आणि आलेले पैसे दुसऱ्या संस्थेकडं वळते करता येत नाहीत. मोठ्या संस्थेनं पैसे आणायचे आणि गावातल्या छोट्या संस्थेनं काम करायचं ही जुनी पद्धत त्यानं बंद झाली. पुढच्या तीन वर्षांचा विचार करणाऱ्याला हे माहीत पाहिजे, नाहीतर योजना छान आणि पैसे यायला वाटच नाही.

परतलेला_कोल्हापूरकर

हो, आणि ह्यात एक विनोद आहे. तिकडं २०१६ ला इस्तंबूलच्या परिषदेत मोठमोठ्या देणगीदारांनी वचन दिलं की २०२० पर्यंत मदतीचे २५ टक्के पैसे शक्य तितके थेट स्थानिक संस्थांना देऊ. ग्रँड बार्गेन म्हणतात त्याला. ते त्याच्या जवळपास पण पोचले नाहीत. मी स्वतः त्या विषयावरच्या सेमिनारला पंचतारांकित हॉटेलात गेलोय, स्थानिक संस्थेचा एकच माणूस होता आणि त्याला व्हिसामुळं एक दिवस उशीर झालेला.

तांबडापांढरा

मला आता पटायला लागलंय पण एक गोष्ट सांगा, हे मार्च-फेब्रुवारीत ठरवलेलं ऐन वेळी कोण पाळणार? पाणी आलं की सगळे सैराट पळतात. मी पण.

परतलेला_कोल्हापूरकर

म्हणून आकड्याला बांधायचं. कोल्हापूरकरांना हे शिकवायला नको. जुलैत आपण सगळे सकाळी उठून आधी काय बघतो? पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणी पातळी, फूट आणि इंच. ३९ इशारा, ४३ धोका, हे शाळेतल्या पोराला पाठ आहे. २०१९ ला ५५ च्या वर गेलेलं, २०२१ ला ५६ च्या पण वर. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की पाच मिनिटांत ग्रुपवर येतं. एवढी तयार माहिती जगात फार कमी ठिकाणी लोकांच्या खिशात असते आणि आपण ती फक्त फॉरवर्ड करतो.

तर एक पान लिहायचं. ३५ फूट झालं की कुणी कुणाला फोन करायचा. ३९ ला गुरं हलवायची, माणसं नाही, आधी गुरं. ४३ ची वाट बघायची नाही. शिरोळला राजारामचा आकडा चालणार नाही, तिथं कृष्णेचा वेगळा आकडा धरावा लागेल, ते ताईंच्या गावातल्या लोकांनी ठरवायचं. प्रत्येक आकड्यासमोर एका माणसाचं नाव आणि किती रुपये तो कुणाला न विचारता खर्च करू शकतो ते. हे शेवटचं सगळ्यात अवघड. ट्रस्टी सही सोडायला तयार नसतात. सल्लागाराची निम्मी फी इथंच वसूल होते, अण्णांना रात्री दोन वाजता सहीसाठी उठवावं लागू नये एवढं त्यांना समजावण्यात.

शिरोळची_सून

पंचगंगाकाठ दादा, एक विचारू का. २०१९ चे ते कपडे तुमच्याकडं पण आले असतील की. कुठं हाईत ते?

पंचगंगाकाठ

ताई, हा प्रश्न नको होता.

गोडाऊनमध्ये आहेत. अजून. दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या तेव्हा, मार्केट यार्डाच्या बाजूला. काही वाटले, काही गोधडी करणाऱ्या बायकांना दिले, उरलेले आहेत. टाकून कसं द्यायचं, लोकांनी भावनेनं दिलेत, असं प्रत्येक मीटिंगला ठरतं.

हिशेबनीस

भाडं किती?

पंचगंगाकाठ

महिना साडेतीन हजार.

हिशेबनीस

पाच वर्षं धरली तरी दोन लाख दहा हजार. मी काही बोलत नाही.

तांबडापांढरा

मी पण नाही. (तांबडा रस्सा ठसक्यात गेला.)

पंचगंगाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, कालच मीटिंग झाली म्हणून लिहितो.

धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं, तुमची नावं न घेता. मंगल कार्यालयाचं त्रेसष्टचं गणित सांगितल्यावर शांतता झाली. अध्यक्षांच्या सूनबाई त्या वेळी तिथं स्वयंपाकाला होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या की संडासाच्या रांगेत रात्री उभं राहायला लागू नये म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. आम्ही सहा दिवस तिथंच होतो आणि आम्हाला हे माहीत नव्हतं. मग गोडाऊनचा हिशेब खजिनदारानंच मांडला, मी बोललोच नाही. अण्णा बराच वेळ चष्मा पुसत होते. नंतर म्हणाले, "म्हणजे एक सल्लागार आपण पाच वर्षं सांभाळलाय म्हणा की, गाऊन घालून गोडाऊनमध्ये बसलेला."

ठरलं ते असं. महिन्याचा पगार नाही, वर्षाला चोवीस दिवस, दिवसाप्रमाणे मानधन, त्यातले निदान आठ दिवस गावांत. पुराच्या आठवड्यात हजर. अहवाल थेट मंडळासमोर, मी बाहेर बसणार (हे मीच मांडलं, नोंद घ्यावी). सल्ल्यांची वही अण्णांकडं, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि ते काही विसरत नाहीत. कुणाचा मेव्हणा नाही, दोन नावं आली होती, दोन्ही मेव्हणेच निघाले. फोटोच्या पिशव्यांना नकार कळवलाय, अजून नेमायच्या सल्लागाराच्या नावावर.

बोट रद्द नाही, पुढं ढकलली. खजिनदार नाराज आहे, त्यानं रंग पण ठरवला होता.

पहिल्या वर्षी गुरांच्या छपरावर पैसे घालायचे असं कंपनीला लिहिलंय. त्यांच्या साहेबांनी फोनवर दोनदा विचारलं, "म्हशी? पक्कं म्हशीच ना?"

परतलेला दादा, तुम्ही अर्ज करणार का?

परतलेला_कोल्हापूरकर

नाही हो. पहिलं वर्ष फुकट येतो, वही घेऊन कोपऱ्यात बसायला. पगारी माणूस तुम्ही दुसरा शोधा, मी त्याच्या चुका काढतो. आणि तुमच्या अध्यक्षांच्या सूनबाईंना त्या मंडळावर घ्या आधी.

पंचगंगाकाठ

मांडतो पुढच्या मीटिंगला. दारातून नको, आत बसून बोलू दे त्यांना.

शिरोळच्या ताई, तुमच्या बाजूला पाणी लागत नाही अशी उंचावरची जागा कुठं मिळेल का? गायरान, ट्रस्टची, देवस्थानची, कुठलीही. दीडशे-दोनशे जनावरं बांधता येतील एवढी. आणि पहिली बैठक तुमच्याकडं घ्यायचा विचार आहे, एखादा हॉल असेल तर सांगा.

शिरोळची_सून

जागा हाय, पण तिच्यावर दोन भावांचं भांडण चाललंय, दोघांना वेगवेगळं भेटायला लागतंय. ते मी बघतो. थोरल्याची बायको माझ्या माहेरची हाय.

हॉल कशाला? गोठ्यात या. सकाळी सहाला या, धारा काढायच्या वेळेला, म्हंजे सगळे घरात सापडतील. चहा मिळेल. कपडे आणू नका.

तांबडापांढरा

मी टेम्पो घेऊन येतो. रिकामा.